तीन शेवट आणि एक तिकीट: ‘क्लू’ या चित्रपटाचं प्रकरण

१३ डिसेंबर १९८५ रोजी पॅरामाउंटने अमेरिकेत ‘क्लू’ नावाचा विनोदी खूनपट लावला. या सिनेमाचे तीन वेगवेगळे शेवट होते आणि कुठल्या थिएटरात कुठला लावायचा ते कंपनीने वाटून दिलं होतं. निर्मितीखर्च दीड कोटी डॉलर, अमेरिकेतला गल्ला साधारण १ कोटी ४६ लाख. त्यातला मोठा हिस्सा थिएटरवाल्यांकडे जातो हे धरलं तर सिनेमा सरळसरळ आपटला. पुढे मात्र याच सिनेमाचे संवाद तोंडपाठ असणारी एक पिढी तयार झाली.

म्हणजे प्रेक्षक दुभंगले. कशामुळे, याचं ठरलेलं उत्तर ‘ज्याची त्याची आवड’ असं असतं. आवडीनिवडीचा भाग होताच, पण मोठी फूट पाडली ती वितरणाच्या एका निर्णयाने, असं माझं मत आहे. पुढची मांडणी त्या निर्णयाभोवतीच आहे. तिन्ही शेवट इथे उघड केले आहेत. सिनेमाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा रसभंगाची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

पार्श्वभूमी

मुळात हा एक बैठा खेळ. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रचला. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये वॉडिंग्टन्सने ‘क्लुडो’ या नावाने तो बाजारात आणला आणि अमेरिकेत पार्कर ब्रदर्सने ‘क्लू’ म्हणून. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या. सुरुवातीला तीन पत्ते न बघता पाकिटात घालायचे: खुनी कोण, कशाने मारलं, कुठल्या खोलीत. सहा गुणिले सहा गुणिले नऊ म्हणजे ३२४ शक्यता. उत्तर दर डावात नव्याने ठरतं, खेळाची गंमतच ती.

या खेळाला गोष्ट नाही. पात्रं म्हणजे रंगीत सोंगट्या. त्यावर सिनेमा काढायचा म्हणजे सगळं शून्यातून उभं करणं आलं. निर्मात्या डेब्रा हिल यांच्या या प्रकल्पात दिग्दर्शक जॉन लँडिस आले आणि एकाहून जास्त शेवटांची कल्पना त्यांची. पटकथेसाठी त्यांनी टॉम स्टॉपर्डसारख्या नाटककारालाही विचारून पाहिलं, पण ते काही जमलं नाही. शेवटी इंग्लंडहून जोनाथन लिन आले. अँटनी जे यांच्यासोबत ‘येस मिनिस्टर’ ही ब्रिटिश राजकीय विनोदी मालिका लिहिणारे ते हेच. त्या मालिकेचा हिंदी अवतार ‘जी मंत्रीजी’ आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला असेल. पहिल्या भेटीत लँडिस यांनी खोलीभर धावत, सगळ्यांची सोंगं काढत कथानक सांगितलं आणि बटलर ‘खुनी कोण ते मला कळलंय’ म्हणतो तिथे येऊन थांबले, असं लिन सांगतात. मग खुनी कोण? ते लँडिसना ठाऊक नव्हतं. त्यासाठीच तर लेखक हवा होता!

दिग्दर्शनही लँडिसच करणार होते, पण ते ‘स्पाइज लाइक अस’ या दुसऱ्या विनोदी सिनेमाकडे वळले आणि ‘क्लू’ लिन यांच्याकडे आला. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. ‘स्पाइज लाइक अस’ ६ डिसेंबरला, म्हणजे ‘क्लू’च्या बरोबर आठवडाभर आधी लागला. ज्याची कल्पना, त्याचाच दुसरा सिनेमा समोर स्पर्धेला.

नटसंच तगडा होता. आयलीन ब्रेनन, टिम करी, मॅडलिन कान, क्रिस्टोफर लॉइड, मायकेल मकीन, मार्टिन मल, लेस्ली अॅन वॉरन. श्रेयनामावलीत हा क्रम इंग्रजी आडनावांच्या वर्णक्रमानुसार आहे, कारण यात कुणी नायक-नायिका नाहीत. वॉरन यांच्या जागी आधी कॅरी फिशर होत्या, पण त्या व्यसनमुक्तीच्या उपचारांत होत्या आणि विमा कंपनी तयार झाली नाही.

कथानक असं. १९५४, अमेरिकी सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्ट-शोधाचा जमाना. वादळी रात्री सहा अनोळखी माणसं मिस स्कार्लेट, मिसेस पीकॉक, मिसेस व्हाइट, मिस्टर ग्रीन अशा टोपणनावांनी एका हवेलीत बोलावली जातात. बटलर वॅड्सवर्थ सगळ्यांचं स्वागत करतो. सगळ्यांना ब्लॅकमेल करणारा मिस्टर बॉडी येतो, प्रत्येकाच्या हाती एकेक हत्यार देतो, दिवे जातात, आणि दिवे आल्यावर बॉडी जमिनीवर. मग स्वयंपाकीण, गाडी बंद पडली म्हणून दारात आलेला वाटसरू, मोलकरीण इव्हेट, पोलीस, गाणं म्हणून तार पोचवणारी मुलगी. एकूण सहा प्रेतं.

अडचण

खूनकथेचा वाचक असो वा प्रेक्षक, त्याचा लेखकाशी एक अलिखित करार असतो. पुरावे समोर ठेवले जातील, उत्तर एकच असेल, आणि ते कळल्यावर ‘अरे, हे तर डोळ्यांसमोर होतं’ असं वाटेल. एकाच कथानकाला तीन उत्तरं लागू पडायची असतील तर कुठलाही पुरावा निर्णायक ठेवता येत नाही. एक जरी धागा पक्का बांधला, तरी बाकीची दोन उत्तरं कोसळतात. त्यामुळे ‘क्लू’मध्ये तुम्ही कितीही डोकं लढवा, तर्काने उत्तरापर्यंत पोचता येत नाही. कोण कधी खोलीबाहेर होतं याचा हिशेब लिन यांनी मोठ्या मेहनतीने जुळवला आहे. तिन्ही उत्तरं शक्य वाटतात. पण शक्य वाटणं वेगळं आणि अटळ वाटणं वेगळं.

फार्सच्या प्रेक्षकाचा करार निराळा. बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ला बसलेला प्रेक्षक पुरावे मोजत नाही. कुठल्या दारातून कोण कुठल्या क्षणी येतो आणि आता याची कशी तारांबळ उडणार, यात त्याचा जीव अडकलेला असतो. ‘क्लू’ हाडाने फार्स आहे. चित्रीकरणाआधी लिन यांनी नटांना १९४० चा ‘हिज गर्ल फ्रायडे’ दाखवला तो संवादांचा वेग कळावा म्हणून. बटलर झालेले टिम करी शेवटाकडे सगळी संध्याकाळ पुन्हा एकदा स्वतःच्या अंगावर घेऊन हवेलीभर पळत करून दाखवतात आणि बाकीचे सगळे त्यांच्या मागे घोळक्याने धावतात. तो भाग फार्स म्हणून बघितला तर अव्वल आहे. पुरावा म्हणून बघितला तर दमछाक.

म्हणजे मूळ अडचण दुहेरी होती. जाहिरात रहस्याची, माल फार्सचा. त्यात तिसरी भर पडली वितरणाची, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महागात पडली.

कोणते मार्ग खुले होते

तीन शेवट हातात असताना स्टुडिओला काय काय करता आलं असतं?

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे एकच शेवट निवडून बाकीचे टाकून देणं. सिनेमा नेहमीसारखा झाला असता आणि खेळाशी असलेलं नातं नावापुरतं उरलं असतं.

दुसरा, तिन्ही शेवट एकामागोमाग एक दाखवणं. यात धोका असा की रहस्य उकलल्यावर जो समाधानाचा सुस्कारा सुटतो तो पहिल्या शेवटालाच सुटून जातो, पुढचे दोन नुसते जोडलेले वाटू शकतात. शिवाय तिकीट एकदाच विकलं जातं.

तिसरा मार्ग वाटून देण्याचा. या थिएटरात हा, त्या थिएटरात तो. हिशेब असा की लोक परत येतील, तीन शेवट म्हणजे तीन तिकिटं. कागदावर हे झकास दिसतं, आणि खेळाच्या स्वभावाला धरूनही वाटतं, कारण खेळातही उत्तर दर वेळी बदलतं. फक्त खेळाचा खोका एकदा विकत घेतला की हवे तितके डाव खेळता येतात, दर डावाला पैसे पडत नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

चौथा मार्ग मला आज सुचतो तो म्हणजे एकाच थिएटरात आठवड्यागणिक शेवट बदलणं. फरक सिनेमाच्या शेवटच्या काही मिनिटांतच होता, त्यामुळे रिळांच्या जमान्यातही हे अशक्य नव्हतं. किचकट मात्र नक्कीच होतं.

प्रत्यक्षात काय केलं

शेवट खरं तर चार चित्रित झाले. चौथ्यात बटलरच सगळ्यांचा काळ ठरतो. तो जमला नाही म्हणून काढून टाकला. हा निर्णय योग्यच. उरलेल्या तिघांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली.

‘ए’मध्ये खुनांमागे मिस स्कार्लेट आहे. पहिले दोन खून तिने इव्हेटकडून करवून घेतलेले. ‘बी’मध्ये सगळे खून मिसेस पीकॉकने एकटीने केलेले. ‘सी’मध्ये वाटणी आहे: पाच पाहुण्यांनी प्रत्येकी एक आणि सहावा खून बटलरने. बटलर हाच खरा मिस्टर बॉडी, आणि उरलेले मिस्टर ग्रीन एफबीआयचे हस्तक.

अनेक ठिकाणी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतच त्या थिएटरात कुठल्या अक्षराचा शेवट आहे ते छापलं गेलं. एका छोट्या अक्षरामुळे बघा काय झालं. खूनपट बघायचा का, एवढाच प्रश्न असलेल्या माणसापुढे आता आणखी एक प्रश्न आला: कुठला बघायचा? ए चांगला की सी? हे कळणार कसं? मित्राला विचारावं तर त्याने बी पाहिलाय. लिन यांनी नंतर सांगितलेलं निदान हेच आहे. लोक तीनदा येतील असा अंदाज होता. नेमका कुठला बघावा ते ठरेना म्हणून लोक एकदाही आले नाहीत.

मुहूर्तही बिकट होता. नाताळच्या तोंडावर गर्दी असतेच, पण ४ डिसेंबरला ‘यंग शेरलॉक होम्स’ लागला होता आणि तो वितरित केला होता पॅरामाउंटनेच. म्हणजे नऊ दिवसांच्या अंतराने एकाच कंपनीचे दोन गुन्हेशोधाचे सिनेमे.

प्रतिक्रिया कशा फुटल्या

समीक्षकांचा सूर थंड होता. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दोन तारे दिले, जीन सिस्केल यांनी अडीच. न्यूयॉर्क टाइम्सच्या जॅनेट मॅस्लिन यांना सुरुवात तेवढी रंजक वाटली, पुढे रेंगाळलेली. या मंडळींना चूक म्हणता येणार नाही. मधल्या अर्ध्या तासात घरभर शोधाशोध करण्याचा भाग आजही ढिला वाटतो, आणि मॅकार्थीचा काळ घेऊनही त्याच्यावर म्हणावा तसा चावा घेतलेला नाही. ‘येस मिनिस्टर’च्या लेखकाकडून तर जास्तच अपेक्षा होती.

पण सर्वसाधारण प्रेक्षकांत जी फूट पडली तिच्याकडे जरा बारकाईने बघू. हा सामूहिक नटसंचाचा सिनेमा आहे. सात जण सव्वा तास एकमेकांवर कुरघोडी करतात, सगळ्यांचं माप सारखं. आता ‘ए’ शेवट पाहणाऱ्याला काय मिळतं? सातपैकी एकीला मोठं दृश्य, बाकीचे भिंतीला टेकून ऐकतात. ‘बी’मध्ये तेच, फक्त बाई बदलते. ‘सी’मध्ये मात्र प्रत्येकाच्या वाट्याला आरोप, कबुली, सबब, एकेक फटका येतो. जो सिनेमा सगळ्यांचा म्हणून उभा केला, त्याचा शेवटही सगळ्यांचा होतो तो फक्त इथे.

आणि मिसेस व्हाइटचं ते प्रसिद्ध स्वगत? इव्हेटबद्दलच्या द्वेषाने चेहऱ्याच्या कडेने ज्वाळा उठल्याचं सांगताना शब्दच न सापडणाऱ्या मॅडलिन कान. हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर उत्स्फूर्त केलेलं. सिनेमाचं नाव काढलं की चाहते आधी जे आठवतात ते हेच. ते फक्त ‘सी’मध्ये आहे. १९८५ च्या डिसेंबरात ‘ए’ किंवा ‘बी’च्या थिएटरात बसलेल्या माणसाने ते पाहिलंच नाही. लग्नाच्या पंगतीत एका ओळीला श्रीखंड वाढायचं, दुसरीला वरणभात, आणि मग स्वयंपाकाबद्दल एकमत का नाही म्हणून विचारायचं, तसला हा प्रकार. एक जण सिनेमा भन्नाट म्हणत होता, दुसरा बरा म्हणत होता, आणि दोघं बोलत होते दोन वेगळ्या सिनेमांबद्दल.

माउथ पब्लिसिटीचं गणितही बिघडलं. खूनपटाची तोंडी शिफारस तशीच अवघड असते; शेवट सांगायचा नसतो, त्यामुळे ‘बघच तू’ यापलीकडे बोलता येत नाही. इथे ‘बघच तू’ म्हणणाऱ्यालाही खात्री नव्हती की समोरचा तेच बघेल.

पैशाचा भाग वेगळाच. त्या वर्षी अमेरिकेत तिकिटाचा सरासरी दर साडेतीन डॉलरच्या आसपास होता. काही मिनिटांच्या फरकासाठी उरलेला सगळा सिनेमा पुन्हा बघायला, पुन्हा साडेतीन डॉलर. विनोदी सिनेमा माणूस परत बघतो ते तो आवडला म्हणून. आवडण्याआधीच दुसऱ्या तिकिटाची मागणी झाली की त्याला वास येतो.

घरी काय झालं

व्हिडिओ कॅसेट निघाली तेव्हा तिन्ही शेवट सलग जोडले. मध्ये मूकपटासारख्या पाट्या: असं घडलं असू शकेल, किंवा हे कसं वाटतं, आणि शेवटी, खरं घडलं ते असं. नवीन चित्रीकरण काही नाही. तेच तुकडे, तोच सिनेमा.

पण अनुभव पार पालटला. जो प्रकार थिएटरात पैसे उकळण्याची युक्ती वाटत होता, तोच इथे विनोद झाला. पहिलं उत्तर मिळतं, पाटी येते, तेच पात्र पुन्हा तितक्याच ठामपणे वेगळंच काहीतरी सिद्ध करतं, आणि उत्तर एकच असावं हा रहस्यपटाचा हट्टच चेष्टेचा विषय होतो. तर्काने उत्तर मिळत नाही ही जी मूळ उणीव, तिचंच इथे भांडवल झालं. ‘सी’ सर्वांत शेवटी ठेवल्यामुळे चढण बरोबर लागली: एक खुनी, मग दुसरा, मग सगळेच.

पुढे केबल टीव्हीवर तो सारखा लागू लागला आणि पावसाळी दुपारी घरात अडकलेल्या मुलांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. या सिनेमाचा वेग असा की पहिल्यांदा निम्मे टोले निसटतात. स्टुडिओला हवे होते ते वारंवार येणारे प्रेक्षक अखेर मिळाले, फक्त घरात आणि फुकट. सँडी रस्टिन यांनी केलेलं नाट्यरूपांतर २०१७ मध्ये रंगमंचावर आलं आणि गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शाळांमध्ये सर्वाधिक होणाऱ्या नाटकांत ते वर आहे. ते समजण्यासारखं आहे. भूमिका भरपूर, कुणी एक नायक नाही, आणि दारं धडाधड उघडतात-मिटतात.

मतभेद मात्र संपले नाहीत, त्यांची जागा बदलली. मिस्टर ग्रीन सुरुवातीला आपण समलिंगी असल्याचं सरळ सांगतात, तेही १९५४ च्या सरकारी नोकरीत, जिथे तेवढ्यावर घरी बसवलं जात असे. ‘ए’ आणि ‘बी’मध्ये ते तसेच राहतात. ‘सी’मध्ये ते सोंग निघतं आणि सिनेमाचं शेवटचं वाक्य त्यावरचा विनोद आहे. काहींना तो निव्वळ पात्राच्या सुटकेचा टोला वाटतो, काहींना खटकतो. मला खटकतो. सर्वोत्तम शेवटाच्या अगदी टोकाला सर्वांत जुनाट विनोद आहे, हे मान्य करून मी ‘सी’च्याच बाजूने आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, जाहिरातीतलं अक्षर. वाटणीच करायची होती तर ती गुपचूप करायला हवी होती. शेवट एकाहून जास्त आहेत हे पहिले काही दिवस सांगितलंच नसतं, तर दोन प्रेक्षकांचं एकमेकांशी न जुळणं हीच बातमी झाली असती. ‘खुनी ती नव्हती, हीच होती’ असं भांडण कचेरीत जेवणाच्या सुट्टीत लागलं असतं आणि ते मिटवायला कुणीतरी नक्की परत गेलं असतं. अक्षर छापून ते भांडण लागण्याआधीच मिटवलं गेलं. यातही जोखीम आहे, फसवल्याची भावना होऊ शकते, पण कुतूहल तरी जागं झालं असतं.

दुसरी, तिन्ही शेवट सलग दाखवण्याचा पर्याय. तुकडे तयार होते, खर्च जवळपास काही नव्हता. हा निर्णय आधी न सुचण्याचं कारण मला असं दिसतं की तीन शेवटांकडे विनोदाचा भाग म्हणून कुणी बघितलंच नाही. विक्रीची क्लृप्ती म्हणूनच त्यांचा विचार झाला. लँडिस यांच्या मूळ कल्पनेतच पुन्हा येणारा प्रेक्षक गृहीत होता आणि पुढे ते गृहीतक कुणी तपासल्याचं दिसत नाही.

तिसरी, वाटणी करताना तिन्ही शेवट एकाच तोलाचे आहेत का ते पाहणं. ते नव्हते. ‘ए’ आणि ‘बी’ पहिल्या-दुसऱ्या पायरीचे, ‘सी’ कळसाचा. सलग पाहिल्यावर हे आपोआप कळतं, सुटे पाहिल्यावर कळत नाही.

मुहूर्ताबद्दल मी फारसा आग्रह धरणार नाही. फेब्रुवारीत लावला असता तर गर्दी कमी लागली असती, पण अक्षरांचा घोळ तिथेही झालाच असता.

वाटणीची कल्पना मुळातच वाईट होती असं मात्र नाही, याचा एक पुरावा आहे. ‘साइक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेचा शंभरावा भाग २०१३ मध्ये याच सिनेमाला सलाम म्हणून बेतलेला होता. लॉइड, मल आणि वॉरन पाहुणे कलाकार होते. खुनी कोण असावा ते प्रेक्षकांच्या मतदानावर सोडलं होतं आणि देशाच्या पूर्व व पश्चिम भागांत त्या-त्या मतांप्रमाणे शेवट दाखवला गेला. इथेही प्रेक्षक विभागले, पण आपला शेवट त्यांनी स्वतः निवडला होता आणि दुसरा बघायला कुणाला पुन्हा तिकीट काढावं लागलं नाही.